गजमालेतली तार

माझ्या बायकोला माझ्या बुटांचा नंबर ठाऊक आहे, माझं बीपी ठाऊक आहे, झोपेत मी कोणत्या कुशीवर वळतो तेही ठाऊक आहे. ही गोष्ट ठाऊक नाही. पोरींना नाही. मामा होता तोवर त्यालाही कळली नाही. आज पहिल्यांदा लिहून राहिलो, आणि मराठीत लिहून राहिलो — काहून? तर आमच्या घरात मराठी वाचणारा आता मी एकटाच उरलो. पोरींना समजते सगळी, पण उत्तर हिंदीत देतात. म्हणजे तुम्ही दूरचे कोणीतरी आहात. दूरच्या माणसाला सांगायला भीती कमी वाटते. ज्या दोघांबद्दल हे आहे ते दोघंही आता या जगात नाहीत. दोघंही गेल्यावर मी तोंड उघडतो आहे, हेही लक्षात असू द्या.

हारांपासून सुरू करतो.

नेत्याच्या मागे एक माणूस उभा असतो — त्याला तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का? लोक नेत्याच्या गळ्यात हार घालतात, फोटो निघतो, आणि मागून दोन हात येऊन तो हार उतरवतात. फोटोत त्या माणसाचे फक्त हात येतात. ते हात माझे. पंधरा वर्षं मी भैयाजींच्या मागे उभा राहून हार उतरवले. सोपं वाटतं ना? डाव्या हातानं कुडत्याची कॉलर धरायची, उजव्यानं हार उचलायचा, चष्म्याला लागू द्यायचा नाही, सोन्याच्या साखळीत अडकू द्यायचा नाही. लवकर काढला तर घालणारा नाराज, उशिरा काढला तर पुढचा खोळंबतो. आणि हार गळ्यात पडायच्या आधी त्याच्यावरून बोटं फिरवायची — टाचणी, काटा, मुंग्या, काय असेल ते बाजूला करायचं. तपासायचं काम माझं होतं. पुढे लागेल म्हणून सांगून ठेवतो.

भैयाजींचं नाव लिहीत नाही. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात कारखान्याच्या गेटवर त्यांचं राजकारण सुरू झालं. कोणता मजूर आत जाईल आणि कोणता बाहेर राहील हे ते ठरवत, आणि ज्याला पटत नसे त्याचे दात गेटपाशीच पडत. मग पार्षद झाले, म्हणजे नगरसेवक. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भैयाजी आमदार झाले, मंत्री झाले. त्या वर्षांत सगळंच नवं लागत होतं — नवी ऑफिसं, नव्या गाड्या, नवे नेते. ज्याच्या हाताला जे लागेल ते धरून तो वर चढत होता. भैयाजी कसे चढले ते मी जवळून पाहिलं. जवळून म्हणजे किती? त्यांच्या मानेवरचा घाम मला डोळे मिटून ओळखता आला असता.

मारायचे ते. हे काही गुपित नाही. रजिस्टरनं, चपलेनं, पाण्याच्या बाटलीनं, हातात असेल त्यानं. एकदा तिकिटासाठी भांडायला आलेल्या एका ब्लॉक अध्यक्षाचं तोंड त्यांनी पक्षाच्या ऑफिसात टेबलाच्या काचेवर आपटलं. काच फुटली. तासाभरानं त्याच माणसाला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं जिलेबी भरवली. त्याच्या ओठातलं रक्त जिलेबीच्या पाकात मिसळत होतं आणि तो म्हणत होता, "आपका आशीर्वाद है भैयाजी." मी खाली बसून काचा वेचत होतो. तुम्ही विचाराल, मग पळून का नाही गेलास?

कुठं जाणार होतो? मी भंडारा जिल्ह्यातला, सातवीत शाळा सुटलेला. मामा रायपूरला रेल्वेत होता, त्याच्या भरवशावर आलो. मामीनं आठ दिवस वाढलं, नवव्या दिवशी माझी पिशवी दाराबाहेर ठेवली. अशा माणसाला भैयाजींनी माणसांत आणलं. मोठी पोरगी झाली तेव्हा बायको हातची जात होती, ती त्यांच्या एका फोनवर वाचली. माझ्या पायातले पहिले चामड्याचे बूट त्यांनी घेऊन दिले — स्वतः दुकानात नेलं, "ए मराठी, चप्पल में मेरे पीछे मत खड़ा हुआ कर" म्हणाले. त्या बुटांना मी रोज पॉलिश करायचो. अजूनही त्यांचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. बायकोसमोर, साहेबांसमोर, कोणासमोरही.

पण भैयाजींच्या आधी मनहरण कका होते — इकडं काकाला कका म्हणतात.

मामीनं पिशवी बाहेर ठेवली त्या दिवशी मी फिरत फिरत बाजारात पोचलो आणि एका फुलांच्या दुकानासमोर बसून राहिलो. दुकानातल्या पांढऱ्या मिशांच्या माणसानं विचारलं, कुठला रे तू? नागपूरकडचा, म्हटलं. रायपुरात भंडारा कोण ओळखतो! "त नागपुरिहा, बइठे काबर हस? सुतरी धर." बसलास काय, सुतळी धर. बस, एवढीच मुलाखत. तेव्हापासून त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही, नागपुरिहाच म्हणायचे, नागपूरवाला. दोन वर्षं त्यांच्या दुकानात झोपलो, त्यांच्या घरचा बासी — पाण्यात भिजवून ठेवलेला भात — कांद्यासंगं खाल्ला. कका झेंडू ओवायला बसले की बोटं दिसायची नाहीत, फक्त माळ लांब होताना दिसायची. गिऱ्हाईक थट्टा करायचं, कका, तुमची बोटं देवानं उसनी दिली, परत मागेल. ते हसायचे.

भैयाजींच्या कार्यक्रमांना हार त्यांच्याच दुकानातून जायचे. ते पोचवायला गेलो असताना मंचावर गर्दी झाली, मी सहज पुढे होऊन दोन-चार हार उतरवले. भैयाजींना माझा हात आवडला आणि मी त्यांचा झालो. कका रागावले नाहीत. "हव, जा," म्हणाले. "बने रहिबे." नीट राहा.

आता गजमाला. गजमाला म्हणजे साधा हार नव्हे. माणसाच्या मांडीएवढी जाड माळ, दहा-बारा जण मिळून उचलतात, आणि नेता व त्याच्या जवळची सात-आठ माणसं सगळी त्या एकाच माळेत उभी राहतात. तोच फोटो पेपरात येतो. माळेच्या आत कोण होतं आणि बाहेर कोण राहिलं, यावरून लोक कोणाचे दिवस आले आणि कोणाचे गेले ते ओळखतात. म्हणून आत शिरायला कोपरं चालतात, लाथा चालतात. माळेच्या आत एकाचा कान फाटलेला मी पाहिला आहे. कान धरून तो फोटोसाठी हसत होता.

बीरगांवच्या एका सत्कारात गजमाला मधोमध तुटली. खेचाखेचीत आतला दोर गेला आणि सगळी फुलं भैयाजींच्या पायांवर. त्यांनी तिथंच, माईकसमोर, माझ्या थोबाडीत मारली. अंगठीनं ओठ फाटला. पुढच्याच महिन्यात त्यांचं मंत्रिपद गेलं, आणि सगळे म्हणाले, माळ तुटली तेव्हाच कळलं होतं. ते मंत्रिपद गेलं त्या दिवशी गाडीत त्यांनी आवाज न चढवता मला सांगितलं, "अगली बार टूटी, तो उसी रस्सी से तुझे टांगूंगा." मग खांद्यावर हात ठेवून विचारलं, जेवलास का?

तुम्ही कोणाला एकाच वेळी इतकं भ्यालात आणि इतकं मानलंत, असं कधी झालं आहे का?

दोन वर्षांनी भैयाजी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. सत्कारासाठी रायपुरातल्या तेलीबांधाच्या तलावाजवळ मंच बांधला, सगळ्या जिल्ह्यांतून गाड्या भरभरून येणार होत्या. गजमाला अर्थातच कका बनवणार. आणि मी — इथून पुढे गोष्ट माझी आहे — मी आदल्या सकाळी नव्या रायपूरच्या एका बांधकामावरून तारेचं भेंडोळं आणलं. सळ्या बांधायची काळी तार. ककांच्या पुढ्यात टाकलं. म्हटलं, आत सुतळी नको, ही घाला. तुटता कामा नये.

कका तारेकडे पाहतच राहिले. "तार झन डार, नागपुरिहा. मनखे मन खींचहीं, तार टोटा ला काट देही." लोक खेचतील, तार गळा कापेल. हार ओवता ओवता म्हातारा झालेला माणूस, त्याला कळणार नाही तर कोणाला? मलाही कळत होतं. पण मला माझा गळा दिसत होता, भैयाजींचा नव्हे. मी म्हणालो, "भैयाजी का हुकुम है." हुकूम नव्हता. भैयाजींना तारेचं काही माहीतच नव्हतं.

हुकूम म्हटल्यावर ककांनी भेंडोळं जवळ ओढलं. जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून त्यांनी सबंध तारेवर गुंडाळल्या, मग वर फुलं बांधली. त्यांनी होईल तेवढी काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी मंचामागे मी गजमालेवरून बोटं फिरवली, तर एका जागी चिंधी सरकली होती. उघडी तार बोटाला लागली. मी थांबलो. एक चिंधी बांधायला किती वेळ लागतो? पण चिंधी मागितली असती तर कोणीतरी विचारलं असतं, आत तार आहे काय रे? मी फुलं सारखी केली, जागा झाकली, आणि हात वर केला — उचला.

माळ चढली. भैयाजी मधे, बाजूला त्यांची माणसं, आणि बाहेरचे आत घुसायला लागले. कोणीतरी कोणाच्या पोटात गुडघा मारला. कोणीतरी पडता पडता माळेलाच लोंबकळला. माझ्या नाकासमोर भैयाजींची मान होती. फुलं बाजूला झाली आणि ती काळी रेघ कानाखाली मानेत बसताना मी पाहिली. आधी काहीच नाही. मग रक्त आलं, आणि इतकं आलं की शेवंतीचा पांढरा पट्टा लाल झाला. भैयाजी ओरडले नाहीत. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

माईक चालूच होता. त्यात कोणीतरी किंचाळलं, "गला काट दिया! हमला हुआ है, हमला!"

बंटी म्हणून भैयाजींचा खास माणूस होता, मारामारीचं सगळं त्याच्याकडे. त्यानं माळ फाडली, आतली तार वर धरून सगळ्यांना दाखवली, आणि दुसऱ्या हातानं माझी गचांडी धरली. "माला कौन लाया बे? चेक तो तूने की थी!"

मंचाच्या खाली, पहिल्या रांगेच्या कडेला, कका उभे होते. कमरेवर पाकळ्यांची टोपली, अंगात धुतलेला सदरा. आपली माळ वर कशी दिसते ते पाहायला आले होते.

मी बोट दाखवलं. "इसने डाली! मैंने मना किया था!"

एवढंच असतं तर मी हे कधीचंच कोणाला सांगून मोकळा झालो असतो. घाबरलेला माणूस बोट दाखवतो, ऐकणारा समजून घेतो. पण मी मंचावरून उडी मारली. पहिला ठोसा माझा. बंटीच्या आधी, सगळ्यांच्या आधी. नाकावर. टोपली उडाली. पहिला मारणारा मी नसलो तर दुसरा मार खाणारा मी असेन, हे मला स्पष्ट कळत होतं. मग बाकीचे धावले — झेंड्यांचे बांबू, लोखंडी खुर्च्या, बेल्ट. ज्यांनी भैयाजींना आयुष्यात कधी जवळून पाहिलं नव्हतं तेही मारत होते. ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज येत होता. कका त्यांच्याच पाकळ्यांत पडले. आणि त्या सगळ्या पायांच्या मधून त्यांचा उजवा हात वर आला — बोटं उघडी, माझ्याकडे.

मला वाटलं, आता ते मला दाखवणार. यानं सांगितलं, यानं तार आणली. तोंड रक्तानं भरलं होतं, बोलता येत नव्हतं. पण हात होता ना.

मी तो हात पायाखाली घेतला. भैयाजींनी दिलेल्या बुटाखाली. एकदा नाही. टाच ठेवली आणि फिरवली. रागात माणसं काय करतात ते मी पंधरा वर्षं पाहिलं. मी रागात नव्हतो. मी काय मोडतो आहे ते मला चांगलं माहीत होतं. त्याच बोटांशेजारी बसून मी दोन वर्षं सुतळी धरली होती. बोटं मोडल्याचा आवाज मोठा नसतो, एवढ्या गलक्यात तो फक्त मला आला. आणि तो आल्यावर मला हायसं वाटलं.

तो हात मला दाखवायला आला होता की उचल म्हणून माझ्याकडे पसरला होता? मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

भैयाजींना टाके पडले. दवाखान्यात त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला थांबवलं. "तार किसने बोली थी?" मी म्हणालो, फूलवाल्यानं. त्यांनी बराच वेळ माझ्या बुटांकडे पाहिलं. चामड्याला रक्त लागलं होतं, वर एक पाकळी चिकटली होती. "ठीक है," ते म्हणाले. "यही बोलना. सब जगह."

त्यांना कळलं होतं. माझी खात्री आहे.

मी पोलिसांत तेच बोललो आणि खाली सही केली. पक्षातल्याच, पण भैयाजींच्या विरोधातल्या एका नेत्यानं फूलवाल्याला फितवलं असं ठरलं. त्या नेत्याच्या घरावर दगड पडले, जीप जळली, त्याच्या भावाला बीरगांवात गाठून त्याचे पाय तोडले. भैयाजींच्या गळ्याची जखम तीन आठवड्यांत भरली, पण पट्टी निवडणूक संपेपर्यंत राहिली. ती मी बांधायचो. रोज सकाळी नवी पट्टी, तिच्यावर लाल औषधाचे दोन थेंब. सभेत ते पट्टीला हात लावून म्हणायचे, "गला कटा है, आवाज नहीं कटी," आणि बाया पदर डोळ्यांना लावायच्या. ते पुन्हा मंत्री झाले. मी शिपाई झालो, नव्या रायपूरच्या मंत्रालयात, पक्का. पोरींची कॉलेजं, हे दोन खोल्यांचं घर, ज्या टेबलावर हे लिहितो आहे ते टेबल — सगळं त्या पट्टीखालून आलं.

कका काही महिने जेलमध्ये होते. मग भैयाजी निवडून आले, केसची गरज उरली नाही, त्यांना सोडलं. पोलिसांना त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. की सांगितलं आणि कोणी लिहून घेतलं नाही? मी तेही विचारलं नाही.

नोकरी मंत्रालयात असली तरी आठवड्यातून एक दिवस मला भैयाजींच्या बंगल्यावर जावं लागायचं. तिथं लोक गाऱ्हाणी घेऊन यायचे, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज मी भरून द्यायचो. अक्षर सातवीचंच, पण स्वच्छ आहे. एका दुपारी मान वर केली तर समोरच्या खुर्चीत मनहरण कका. अपंगाच्या दाखल्यासाठी आले होते. अर्ज भरायला दुसरंही टेबल होतं. ते माझ्याच टेबलाशी आले, की रांगच तशी सरकली, कोण जाणे.

मी त्यांना नाव विचारलं. माहीत नसल्यासारखं, नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. बापाचं नाव, पारा म्हणजे वस्ती, वय. मी लिहीत गेलो. मग तो रकाना आला — अपंगत्वाचं कारण. पेन थांबलं. मागे रांगेत कोणी खोकत होतं, एक बाई कागदानं वारा घेत होती. आता ते बोलतील, असं मला वाटलं. बोलले तर बरं, असंही वाटलं. आणि त्याच वेळी टेबलाखाली माझी टाच फरशीवर दाबली जात होती, आपोआप.

"लिख दे," कका म्हणाले, "गिर गे रिहिस."

पडला होता. मी लिहिलं — पडल्यामुळे.

मग अंगठ्याचा ठसा. त्यांची बोटं आत वळून राहिली होती, अंगठा सरळ होत नव्हता. तो हात मलाच धरावा लागला. शाईच्या पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला. ठसा उमटला नाही, नुसता एक निळा डाग. कका वाकून पाहत होते.

"बने दबा, नागपुरिहा," ते म्हणाले. नीट दाब. "डर झन. ए हाथ मं अब कुछु नइ पिराय."

भिऊ नकोस, या हाताला आता काही दुखत नाही.

मी दाबला. ठसा स्वच्छ आला. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, अर्ज भरून देणाऱ्याचं नाव. बाकी सगळ्यांच्या अर्जावर तिथं मी माझं नाव लिहायचो, वळणदार, अभिमानानं. ककांच्या अर्जावर ती ओळ कोरी सोडली, कागदाची घडी घातली, त्यांच्या डाव्या हातात दिली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.